बोळात मावेल एवढी

कॅरव्हॅन घ्यायची आहे असं संध्याताई जेवताना म्हणाल्या, तेव्हा उल्काला वाटलं त्यांना कुठेतरी फिरायला जायचंय.

"जाऊ या की," ती म्हणाली. "ईशानीची शाळा संपली की डोनेगॉलला जाऊ. पण त्यासाठी गाडीमागे ओढायचं ते चाकांवरचं घर कशाला? हॉटेल बुक करते."

"फिरायला नाही गं. ठेवायला." संध्याताईंनी भाकरीचा तुकडा मोडला. "इथे, बाजूच्या बोळात. कचऱ्याचे डबे ठेवतेस ना, तिथे. एखादी लहानशी, बारीक. जुनी चालेल. माझ्याजवळ पैसे आहेत."

"आणि तिच्यात काय ठेवायचं?"

"मला."

बारा वर्षांच्या ईशानीने मोबाइलमधून डोकं वर काढलं. "आजी, दॅट्स ब्रिलियंट," ती म्हणाली आणि पुन्हा मोबाइलमध्ये गेली.  उल्काने आमटीचं भांडं पुढे केलं आणि विचारलं, "आई, आणखी वाढू?"

उल्का आयर्लंडमधल्या डंडॉकमध्ये एका ऑनलाइन पेमेंट कंपनीत कामाला होती. कोण कुणाला पैसे पाठवतंय, का पाठवतंय, त्यात काही काळंबेरं आहे का, हे दिवसभर स्क्रीनवर बघायचं आणि संशय आला की व्यवहार थांबवायचा, असं तिचं काम. माणसं काय करतात आणि का करतात हे ओळखण्यात ती ऑफिसात हुशार समजली जायची. घरात तिला काहीच ओळखता येत नव्हतं.

संध्याताई तिच्या सासूबाई. म्हणजे, होत्या. उल्का आणि अभिजित वेगळे होऊन तिसरं वर्ष चालू होतं. अभिजित हॉलंडला कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात नोकरीला गेला आणि तिथेच कुणाबरोबर तरी राहायला लागला. मागच्या वर्षी घटस्फोटाचे कागदही झाले. संध्याताई ईशानीच्या जन्मापासून दर उन्हाळ्यात अमरावतीहून तीन महिन्यांसाठी यायच्या. ज्या वर्षी घर मोडलं त्या वर्षी त्यांचं तिकीट आधीच काढलेलं होतं. त्यांनी फोन करून विचारलं, "येऊ, की नको येऊ?" उल्का म्हणाली, "या ना." दुसरं काय म्हणणार? पुढच्या वर्षी त्यांनी विचारलं नाही, तिनेही काही म्हटलं नाही, आणि त्या आल्या. आता तिसरा उन्हाळा. 'आई' म्हणायचं थांबवायचं कसं हे उल्काला कळलं नव्हतं, म्हणून ती आईच म्हणत होती.

विमानतळावरच्या अधिकाऱ्याने यंदा संध्याताईंना विचारलं होतं, "कुणाकडे उतरणार?"

"सुनेकडे."

"मुलगाही तिथेच असतो का?"

"नाही, तो हॉलंडला असतो. दुसऱ्या बाईकडे."

तो माणूस जरा वेळ पासपोर्टकडे बघत बसला आणि त्याने शिक्का मारला. संध्याताईंनी हे सगळं गाडीत हसत सांगितलं. उल्काही हसली होती. पण नंतर तिला वाटलं, त्यांना हसायचं होतं की नव्हतं?

आणि आता ही कॅरव्हॅन. उल्का आठवत बसली की आपलं काय चुकलं. त्यांची खोली लहान होती हे खरं. वरच्या मजल्यावरची, एक पलंग आणि एक कपाट मावेल एवढी. पण गेली कित्येक वर्षं त्या तिथेच झोपत होत्या. तिने एकदा विचारून पाहिलं.

"आई, जिन्याचा त्रास होतो का?"

"हो, गुडघे दुखून राहिले थोडे."

तिला हायसं वाटलं. पण संध्याकाळी त्या ईशानीला सांगत होत्या की कॅरव्हॅनच्या छतात खिडकी असते, पडल्यापडल्या पाऊस बघता येतो, म्हणून ती हवी. आणि शेजारच्या ब्रेंडनला त्यांनी त्यांच्या इंग्रजीत सांगितलं की सुनेला घरून काम करायला शांत जागा पाहिजे. ब्रेंडन कुंपणापलीकडून उल्काला म्हणाला, "तुझ्या सासूबाई भारीच आहेत. फेअर प्ले टु हर, मानलं त्यांना."

म्हणजे गुडघे, पाऊस की ऑफिस? उल्काने पोर्टलीशला तिच्या मैत्रिणीला फोन लावला. वैदेही तिथल्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टर होती आणि अशा बाबतीत स्पष्ट बोलायची.

"त्यांना असं वाटत असेल," वैदेही म्हणाली, "की तुझ्याकडे कुणी येत असेल. आपली अडचण नको म्हणून बाहेर."

"माझ्याकडे कोण येतंय? बॉयलरवाला?"

"मग विचार ना सरळ."

"विचारलं. दर वेळी निराळं सांगतात."

"मग त्यांनाही माहीत नसेल," वैदेही म्हणाली आणि तिला वॉर्डातून बोलावणं आलं.

शेवटी उल्काने ठरवलं की शोधू तर या. शोधता शोधता त्यांचा विचार बदलेल. एका रविवारी ईशानीने टेपचं टोक धरलं आणि त्यांनी बोळ मोजला. घराची भिंत आणि ब्रेंडनच्या बाजूची भिंत यांच्यामध्ये बऱ्यापैकी जागा होती, पण विजेच्या मीटरची पांढरी पेटी भिंतीतून पुढे आलेली होती. तिथे दोन मीटर दहा सेंटिमीटर भरले. त्याहून रुंद काहीही आत जाणार नव्हतं.

मग जाहिराती बघणं सुरू झालं. रोज संध्याकाळी जेवणं झाली की दोघी टेबलाशी लॅपटॉप घेऊन बसायच्या. जाहिरातीत सगळं लिहिलेलं असायचं. किती जणांना झोपता येतं, फ्रिज गॅसवर चालतो का, लांबी किती. रुंदी कुणीच लिहीत नव्हतं. उल्का फोन करून विचारायची तेव्हा पलीकडचा माणूस गोंधळायचा. "रुंदी? नेहमीची असते तेवढी," एकाने सांगितलं. दुसऱ्याने विचारलं की ती ठेवायची आहे की रस्त्यावर चालवायची आहे. ठेवायची आहे असं म्हटल्यावर तो म्हणाला, मग रुंद घ्या की, ऐसपैस होईल. लांबीचाही घोळ होता. कुणी गाडीला अडकवायच्या आकड्यासकट सांगायचं, कुणी आतली खोलीच मोजायचं. लहान म्हणून बघायला घेतलेली मोठी निघायची आणि मोठी म्हणून सोडलेली नंतर कळायचं की लहान होती. संध्याताईंचे पैसे तीन हजार युरो. तेवढ्यात एक तर फार जुन्या मिळत होत्या, नाही तर कशात तरी बिघडलेल्या.

मधेच अभिजितचा फोन आला. तो ईशानीला फोन करायचा, उल्काला नाही. त्या दिवशी थेट तिलाच आला.

"आई कॅरव्हॅनमध्ये राहणार म्हणते. काय चाललंय?"

"तूच विचार त्यांना."

"विचारलं. म्हणते तुला कळायचं नाही. उल्का, तुला जमत नसेल तर सांग. मी तिला इकडे आणतो."

"मी असं म्हटलं का?"

"मग ती घराबाहेर का झोपतेय?"

"अजून झोपत नाहीयेत. अजून कॅरव्हॅन घेतलेली नाहीये. आणि का ते मला माहीत नाही!" उल्का जवळजवळ ओरडली आणि फोन ठेवला. स्वयंपाकघरात संध्याताई ओटा पुसत होत्या. त्यांनी ऐकलं की नाही, कळलं नाही. त्यांनी फक्त विचारलं, "कपडे आत आणू का? पाऊस येईलसं वाटतंय. की राहू देऊ?"

"तुम्हाला वाटेल तसं, आई."

पहिली कॅरव्हॅन दोघी आर्डीजवळ बघायला गेल्या. एका लांबलचक शेडसमोर उंचापुरा माणूस वाट बघत होता. त्याने हात पुसून दोघींशी हात मिळवला आणि बोलायला सुरुवात केली.

"शी इज सिक्स्टीन नाऊ, पण तब्येत झकास आहे. शी नेव्हर लीक्स. माझ्या बायकोने फार जपलंय तिला. फक्त थंडीत तिला झाकून ठेवायला लागतं."

संध्याताई उल्काच्या कानाशी आल्या. "मुलगी आजारी आहे का याची?"

"कॅरव्हॅनबद्दल बोलतोय तो, आई. इथे गाडीला शीच म्हणतात."

"अस्सं." त्या कॅरव्हॅनभोवती एक चक्कर मारून आल्या. तो माणूस त्यांच्याबरोबर चालत होता. मग तो उल्काला म्हणाला, "शी इज ए बिट वाइड इन द हिप्स, पण आतून बघाल तर महाल आहे."

संध्याताई जागच्या जागी थांबल्या. त्यांनी साडीचा पदर सारखा केला. "आता हे मला म्हणाला का?"

उल्काने टेप काढून मोजलं. दोन मीटर तीस. फोनवर या माणसाने तिला चक्क दोन सांगितले होते. विचारलं तर म्हणाला, "दोनच्या वर काही असेल, हो." त्याला त्यात काही गैर वाटलेलं दिसलं नाही. परत येताना संध्याताई खिडकीबाहेर बघत बसल्या. उल्काने विचारलं, थकलात का? त्या नाही म्हणाल्या. विचार बदलला का? त्याही प्रश्नाला त्या नाही म्हणाल्या.

मग कूलीच्या बाजूची एक जाहिरात दिसली. तिथल्या नोरीन नावाच्या बाईंनी रुंदी आपणहून लिहिली होती, तीही सेंटिमीटरमध्ये. शनिवारी ईशानीला मैत्रिणीकडे सोडून दोघी निघाल्या. डोंगराच्या पायथ्याला घर, घरामागे उतरतं शेत, त्यात मेंढ्या, आणि शेताच्या टोकाला दोन कॅरव्हॅन शेजारी शेजारी उभ्या. नोरीन साठीची असेल, पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट.

"दोन्ही विकायच्या आहेत," ती म्हणाली. "ही निळ्या पडद्यांची बहिणीची होती. ही दुसरी माझ्या भावाची. तो हिच्यातून मासे धरायला जायचा. गेला बिचारा. जाहिरात भावाच्याच कॅरव्हॅनची दिली होती. तुम्ही दोन्ही बघा, घाई नाही."

निळ्या पडद्यांच्या कॅरव्हॅनमध्ये संध्याताई शिरल्या आणि बसूनच राहिल्या. आत लाकडी कपाटं होती, गोल कोपऱ्यांचं टेबल होतं, आणि समोरच्या मोठ्या खिडकीतून खाडीचं पाणी आणि पलीकडचे डोंगर दिसत होते. त्यांनी टेबलावर हात फिरवला. दोन वर्षांत त्या उल्काला इतक्या खूश दिसल्या नव्हत्या.

"हीच," त्या म्हणाल्या.

उल्काने नाक मुरडलं. आत कुबट वास येत होता. इंटरनेटवर वाचल्याप्रमाणे तिने पलंगामागची भिंत अंगठ्याने दाबली. भिंत भिजवलेल्या कणकेसारखी दबली. पायाखाली एका जागी जमीनही लचकत होती. बाहेर जाऊन तिने रुंदी मोजली. दोन मीटर वीस. मग तिने शेजारचीही आतून दाबून आणि बाहेरून मोजून पाहिली.

"आई, ही नाही चालणार. आतून सडलीय. आणि बोळात जात पण नाही."

"तो मीटरचा डबा हलवायला सांगू."

"डबा कसा हलवायचा? विजेचा मीटर आहे तो!"

"त्यात काय? आमच्याकडे हलवून दिला होता. अर्ज केला, माणूस आला, हलवला."

"ते अमरावतीला. इथे नाही हलवत कुणी. ती दुसरी बघा, ती कोरडी आहे, बसतेय पण."

दुसरी कॅरव्हॅन तपकिरी होती. आत एका बाजूला बाक, एका बाजूला पलंग, मधे एका माणसाने तिरकं होऊन जावं एवढी वाट. खिडक्या लहान. माशाचा वास नव्हता, पण तो असायला हवा होता असं वाटत होतं. संध्याताई दारातूनच परतल्या.

"हे काय? मेल्या माणसाची पेटी वाटून राहिली. मी नाही राहणार हिच्यात."

"मग राहू नका ना! कुणी सांगितलंय राहायला? खोली आहे तुमची वर!" उल्काचा आवाज चढला. "मी काय कमी केलंय तुमचं, ते तरी सांगा. महिनाभर विचारतेय. तुम्ही मला एक सांगता, ईशानीला एक सांगता, ब्रेंडनला तिसरंच. तिकडून अभिजित मला फोन करून झापतो. काय झालंय काय?"

"कमी नाही केलंस!" संध्याताईंचाही आवाज चढला. "जास्त करून राहिलीस! आई, चहा ठेवू का, आई, तुम्हाला चालेल का, आई, टीव्ही लावू का. हॉटेलात राहिल्यासारखं वाटतं मला. भाजीत मीठ जास्त झालं तरी बोलत नाहीस. परवा मी तुझा पांढरा कुडता रंगीत कपड्यांत टाकला. गुलाबी झाला तो. तू म्हणालीस, असू दे, छान दिसतोय!"

"मग काय करायला हवं होतं? भांडायला?"

"पूर्वी भांडायचीस की! या घरात पहिल्या वर्षी माझ्याशी चार दिवस बोलली नव्हतीस, कुकरच्या शिट्टीवरून!"

"तेव्हा तुम्ही सासू होतात माझ्या!"

"आणि आता कोण आहे?"

 नोरीन मेंढ्यांकडे बघत उभी होती. भाषा कळत नसली तरी तिला काहीतरी कळलं असणार. "मी किटली ठेवते," ती म्हणाली. "तुमचं झालं की या आत." आणि ती बुटांचा आवाज करत घराकडे निघून गेली.

"मला नाही माहीत," उल्का शेवटी म्हणाली. "खरंच नाही माहीत, आई."

"मलाही नाही." संध्याताई निळ्या पडद्यांच्या कॅरव्हॅनच्या पायरीवर बसल्या. "पाहुणी म्हणावं, तर पाहुणी तीन-तीन महिने राहत नाही. घरची म्हणावं, तर कशी? मुलगा तिकडे, मी इकडे. माझ्या बहिणी मला विचारतात, कुठे जातेस? मी म्हणते, नातीकडे. पण नात तर दिवसभर शाळेत असते. मग दिवसभर मी कुणाकडे असते?"

"मग कॅरव्हॅनने काय होणार?"

"मला वाटलं, एक जागा माझी असली तर तू तिथे येशील. मी चहा करीन, तू बसशील. निदान तेवढा वेळ तरी कळेल, कोण पाहुणी आणि कोण घरची." त्यांनी गुडघ्यावरून हात फिरवला. "पण आता बोलून राहिली तर हेही वेड्यासारखंच वाटतंय. गुडघेही दुखतात, ते खोटं नाही."

उल्काला हसू आलं आणि रडूही आलं. यातलं काहीच करायचं तिला सुचेना, म्हणून तिने टेप गुंडाळून खिशात टाकली. तिला सगळं कळलं असं नव्हतं. त्या इथे का येतात, हे विचारायची तिची हिंमत झाली नाही. आपण त्यांना या का म्हणतो, हेही तिने स्वतःला कधी विचारलं नव्हतं.

नोरीनच्या स्वयंपाकघरात काळाभोर चहा आणि लोणी लावलेला मनुकांचा ब्रेड होता. नोरीनने दोघींकडे बघितलं. "मग, नक्की कोण घेतंय?"

"मी," दोघी एकदम म्हणाल्या.

"निळी घेऊ नका," नोरीन म्हणाली. "विकायला मला आवडलंच असतं, पण तिचा तळ गेलाय. भावाची चांगली आहे. तो वादळातही झोपायचा तिच्यात."

मग संध्याताईंनी निळे पडदे मागितले. ते आणि भावाची कॅरव्हॅन, दोन्ही त्यांच्या पैशांत बसलं. नोरीनने पुढच्या शनिवारी स्वतःच्या जीपने आणून द्यायचं कबूल केलं, कारण उल्काच्या गाडीला ओढायचा आकडाच नव्हता.

शनिवारी सकाळी अर्धी गल्ली बघायला आली. नोरीनने जीप मागे घेत घेत कॅरव्हॅन बोळाच्या तोंडाशी आणली. पुढचं काम हातानेच करायचं होतं. पुढचं लहान चाक खाली करून उल्का, ब्रेंडन आणि नोरीन ढकलत होते. ईशानी मागून चालत ओरडत होती, "लेफ्ट, मम्मी, लेफ्ट! नो, युअर अदर लेफ्ट!" मीटरच्या पेटीपाशी तळहात जाईल एवढी जागा उरली. कॅरव्हॅन सरकली, आत गेली, आणि बोळात नीट उभी राहिली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मग संध्याताई म्हणाल्या, "आता दार उघडा."

दार कॅरव्हॅनच्या बाजूला होतं. ती बाजू ब्रेंडनच्या भिंतीला जवळजवळ चिकटली होती. दार चार बोटं उघडलं आणि भिंतीला टेकून थांबलं.

 उल्का दाराकडे बघत राहिली. तिने बोळ मोजला होता, कॅरव्हॅन मोजली होती, मीटरची पेटी मोजली होती. माणूस आत कसा जाणार, हे ना तिच्या डोक्यात आलं होतं, ना संध्याताईंच्या, ना नोरीनच्या.

"खिडकीतून?" ईशानीने सुचवलं.

"या वयात?" संध्याताई म्हणाल्या.

ब्रेंडनने डोकं खाजवलं. "परत बाहेर काढायची, नाही तर आणखी आत ढकलायची. मागच्या अंगणात."

मागचं अंगण म्हणजे हिरवळीचा एक चौकोन, कपड्यांची दोरी आणि ईशानीची जुनी ट्रॅम्पोलिन. उल्का म्हणाली, तिथे कशी मावेल? संध्याताई म्हणाल्या, ट्रॅम्पोलिनवर कोण उड्या मारतं आता? ईशानी म्हणाली, मी मारते. तू मागच्या वर्षापासून एकदाही नाही मारलीस, असं दोघी एकाच वेळी म्हणाल्या. ट्रॅम्पोलिन सुटी करून ब्रेंडनच्या भाचीकडे गेली. कपड्यांची दोरी निघाली. दुपारपर्यंत कॅरव्हॅन मागच्या अंगणात पोहोचली आणि स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर अशी उभी राहिली की उल्काला नळाशी उभं राहिल्यावर डोंगर, आभाळ, काही दिसेना. दिसायचे फक्त निळे पडदे आणि त्यांच्यामध्ये संध्याताईंचा चेहरा.

असं काही तर दोघींपैकी कुणालाच नको होतं. संध्याताईंना बाजूला व्हायचं होतं, त्या ऐन मधे आल्या. मोरी घरातच असल्यामुळे दिवसातून दहा वेळा मागचं दार वाजायचं. खिडकीतून खिडकीत बोलणं सुरू झालं. "उल्का, दूध उतू चाललंय." "दिसतंय मला, आई." "दिसतंय तर बंद का नाही केलंस?" "करतेय ना!" ऑफिसची मीटिंग चालू असताना एकदा हे सगळं डब्लिनपर्यंत ऐकू गेलं.

रविवारी सकाळी संध्याताईंनी तिला रीतसर बोलावलं. उल्का स्वतःच्याच मागच्या दारातून निघून चार पावलांवरच्या पायरीवर उभी राहिली आणि तिने दार वाजवलं. वाजवावं की नाही, हे तिला कळलं नव्हतं. आत बाकावर ती अंग चोरून बसली. संध्याताईंनी छोट्या शेगडीवर चहा केला, चिवडा दिला. उल्काला हातांचं काय करावं कळेना. चहा झाल्यावर ती कप विसळायला उठली.

"बस खाली," संध्याताई म्हणाल्या. "पाहुणी कप विसळत नाही."

"तुमच्याकडे पाणी नाहीये, आई. तुम्ही ते आमच्याकडेच आणून विसळणार ना?"

"मग मी आणीन. तू बस."

उल्का बसली. कपावरून दोघींची थोडी बाचाबाची झाली. मग ईशानी पांघरूण घेऊन आली आणि पलंगावर आडवी झाली, आणि तिघींपैकी कुणालाच हलता येईना. अभिजितने तेवढ्यात व्हिडिओ कॉल केला. "आई, तू नक्की कुठे आहेस? घरात की बाहेर?"

संध्याताईंनी फोन सगळीकडे फिरवून दाखवला. त्याला काही कळलं नाही. "बरं," तो म्हणाला, "ठीक आहेस ना?"

"ठीक आहे. तुझी बायको कुरकुर करून राहिली."

 संध्याताईंनी जीभ चावली. उल्काने छताकडे बघितलं. ईशानी म्हणाली, "ऑकवर्ड," आणि अभिजितने हवामानाचं काहीतरी विचारलं.

ऑगस्टच्या शेवटी संध्याताई परत गेल्या. कॅरव्हॅनच्या दोन किल्ल्या होत्या. एक त्यांनी उल्काला दिली आणि एक पर्समध्ये टाकली. अमरावतीत त्या किल्लीचं काय करणार, असं उल्काने विचारलं. "माझी आहे, मी नेते," एवढंच त्या म्हणाल्या. विमानतळावर उल्काने विचारलं, "पुढच्या वर्षी तिकीट कधी काढायचं?" त्या म्हणाल्या, "बघू." परत येताना सबंध मोटरवेवर उल्का विचार करत होती की हे 'बघू' होकाराचं होतं की नकाराचं. ईशानीला विचारलं तर ती म्हणाली, "मम्मी, आय हॅव नो आयडिया. आस्क हर."

ऑक्टोबरमध्ये वादळाची सूचना आली. ऑफिसमधून सगळ्यांना लवकर घरी पाठवलं. उल्काने अमरावतीला फोन लावला. तिथे रात्रीची जेवणं झाली होती.

"आई, वारा सुटणार आहे. कॅरव्हॅनला दोर लावलेत, ब्रेंडनने मदत केली. आतल्या गाद्या कुठे ठेवू?"

"गाद्या कशाला काढल्यास?"

"ओल्या झाल्या तर?"

"नोरीन म्हणाली ना, वादळातही काही होत नाही म्हणून. तू गाद्या काढल्यास की आत ओल धरते. कुणाला विचारून काढल्यास?"

"अहो, तुम्हालाच विचारतेय ना आता!"

"काढल्यावर विचारून राहिलीस. आधी विचारायचं."

"आई, इथे वारा सुटलाय, मी बाहेर उभी आहे, हातात दोन गाद्या आहेत. पटकन सांगा. वरच्या खोलीत ठेवू, की परत आत ठेवू?"

 संध्याताई काहीतरी बोलल्या, पण वाऱ्यात उल्काला नीट ऐकू आलं नाही. खोली म्हणाल्या की आत म्हणाल्या, कोण जाणे. तिने पुन्हा विचारलं. या वेळी त्या 'एक आत, एक वर!' असं इतक्या जोरात ओरडल्या की कुंपणापाशी दोर तपासणाऱ्या ब्रेंडनने वर बघितलं.

"ओरडू नका, आई, येतंय ऐकू," उल्का म्हणाली आणि एक गादी कॅरव्हॅनमध्ये ठेवून दुसरी घेऊन घरात गेली.